राजाच्या गालावरचा घाव

१२ नोव्हेंबर, बुधवार. बाबांच्या पेटीतली चांदी आज साफ करायला काढली. रिठे काल भिजत घातले होते. सकाळी ते कुस्करून पाणी घमेल्यात ओतलं, फेस आला, आणि त्यात एकेक जिन्नस सोडत गेले. माझं गोंदियात बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. धानकापणी सुरू झाली की गिऱ्हाईक शेतात असतं आणि रब्बीची गर्दी अजून यायची असते. घरातली राहिलेली कामं मी याच दिवसांत उरकते. बाबा जाऊन आता वर्ष होईल. पेटी माझ्या वाट्याला आली, कारण ती लोखंडी आहे, जड आहे आणि माझा भाऊ सुधीर विमानाने आला होता.

बाबा सोनार होते, पण सोन्याशी त्यांचा संबंध थोडाच आला. सगळं काम चांदीचं. पेटीत फुंकणी होती, चिमटे, मुशी, छिन्न्या, टाकणखाराची डबी. फुंकणीच्या पितळी तोंडावर त्यांच्या दातांनी पडलेला चपटा खळगा अजून आहे. तळाशी लाल फडक्यात एक माळ होती. ती मी सगळ्यात शेवटी पाण्यात टाकली. पाणी लगेच राखाडी झालं आणि वास आला, जुन्या चांदीचा असतो तसा, पावसात भिजलेल्या खिळ्यासारखा. त्या वासासरशी मी दुकानाच्या मागच्या पडवीत राहिले नाही. थेट जंगलपट्टीतल्या बाजारात जाऊन बसले, बाबांच्या पालाखाली, घोंगडीवर.

आमचं घर दवनीवाड्याचं. पण बाबांची खरी गिऱ्हाइकं तिकडे, डोंगराच्या बाजूला. दिवाळीच्या सुट्टीत ते मला बरोबर न्यायचे. एस.टी.च्या टपावर पेटी, आत आम्ही. दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या असायच्या आणि खिडकीतून त्यांचा कोमट, गोडसर वास यायचा. जंगल सुरू झालं की तो वास तुटायचा आणि सागाच्या पाचोळ्याचा यायचा. बाजारात उतरलं की सुकी मासळी, गुळाची जिलेबी, ओली गोणपाटं, बिडीचा धूर. या सगळ्यात बाबांच्या शेगडीतला कोळसा मला आपल्या घराचा वाटायचा.

बायका दागिने घेऊन यायच्या. कोणाचा तोडा उकललेला, कोणाची पायातली पैरी चेपलेली. पण जास्त काम असायचं रुपयांच्या माळेचं. इंग्रजांच्या वेळचे चांदीचे रुपये, प्रत्येकाच्या माथ्यावर कडी डाखायची आणि काळ्या सुती दोऱ्यात ओवायचे. तिकडच्या गावांमध्ये एक रीत होती, जी मी इतर कुठे पाहिली नाही. कडी बसवण्याआधी रुपयावरच्या राजाच्या तोंडावर छिन्नीने एक काप मारायचा. काप न मारलेला राजा कोणी गळ्यात घालत नसे. गावागावाचा काप वेगळा. कुठे फुली, कुठे नाकावर आडवी रेघ. एका गावचा काप डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तिरपा. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. का ते पुढे कळेल.

त्या गावची सुकवारो नावाची बाई होती. उंच, काळीभोर, दंडावर गोंदण, कपाळ मोठं. बाजारात तिचा आवाज आधी यायचा आणि ती मागून.

"मार सोनारभाऊ, डोऱ्यापासून खाली मार. पाह्यत राह्यते हा."

"अवो बाई, मेलेला राजा हाय तो," बाबा म्हणायचे. "मेलेला काय पाहील?"

"मेलेलाच जास्त पाह्यते. जित्त्याले काम राह्यतेत."

राणीछाप रुपया आला तर मात्र ती हात आडवा धरायची. "हिले नको मारू. बाई हाय ते. तिले तिच्या घरचंच पुरते." सगळ्या बायका हसायच्या, बाबाही हसायचे, आणि राणी तशीच, गुळगुळीत गालाची, माळेत जायची. अर्ध्या जगावर राज्य केलेल्या बाईला या बाजारात माफी मिळायची ती एवढ्याच कारणाने. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं.

सुकवारोच्या माळेत मधोमध एक नाणं होतं, ते रुपया नव्हतं. आकाराने लहान, अंगाने जाड, कडा वेडीवाकडी. त्यावर पानांचा मुकुट घातलेलं एक पुरुषाचं डोकं. नाक सरळ, मान जाड, ओठ मिटलेले. त्याच्या गालावरचा काप रुपयांवरच्या कापांपेक्षा जुना होता, झिजून त्याच्या कडा गोल झालेल्या. पाठीमागे खुर्चीवर बसलेली एक बाई, हातात डहाळी. सुकवारो तिला माय म्हणायची. माळ घालताना ती माय छातीकडे वळवायची आणि राजा बाहेर. आंघोळीला माळ काढली तरी राजा जमिनीकडे, पालथा.

आज ते नाणं फेसातून बाहेर काढलं तेव्हा मीही ते पालथंच ठेवलं. मी काही मानणारी बाई नाही. हात आपोआप तसा वळला.

सुकवारोबरोबर तिचा मोठा मुलगा बुधराम यायचा आणि माझ्या वयाची मुलगी फुलवंती. बुधराम पायाळू होता, म्हणजे आईच्या पोटातून पायांनी आलेला. पायाळू माणसाने लाथ मारली की कमरेत भरलेली उसण निघते असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे बाजारात बाबांच्या पालाशेजारी बुधरामचाही एक धंदा चालायचा, बिनपैशाचा. पोटऱ्या चिखलाने माखलेले शेतकरी, कंडक्टर, एकदा तर शाळेचे गुरुजी, सगळे त्याच्यापुढे ओणवे व्हायचे.

"हळू मार रे बुधराम," गुरुजी म्हणाले.

"हळू मारलं तं हळूच निंगल, गुरुजी. पाय आपटत जाल आठ दिवस."

मग धप्प असा आवाज, गुरुजींचा "अगं आई गं", आणि सगळा बाजार हसून लोटपोट. फुलवंती आणि मी चिवडा खात ओळीने वाकलेल्या पाठींना नंबर द्यायचो. ते हसणं माझ्या कानात अजून आहे. इतकं मोकळं हसणारा बाजार मी नंतर पाहिला नाही, आणि माझा सगळा जन्म बाजारातच गेला आहे.

पायाळू माणसाबद्दल दुसरी एक गोष्ट बोलली जाते, पण ती आवाज खाली आणून. त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं म्हणतात. ज्यांना धन काढायचं असतं, ते पायाळू शोधत फिरतात. धन निघाल्यावर त्या माणसाचं काय करतात, तेही बोलतात, पण लहान मुलांना उठून जायला सांगून.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दुकानं, पाळणे, आणि दंडारीचा खेळ. नगारा वाजायला लागला की जमीन पायाखाली हलते. अशाच एका मंडईत तो माणूस आला. नागपूरकडचा, पांढरा शर्ट, खिशात भिंग. आम्ही मुलं त्याला भिंगवाला म्हणायला लागलो. तो जुनी नाणी जमवायचा. पेपरमिंट वाटायचा. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागायचं.

सुकवारोच्या गळ्यातलं नाणं पाहिलं आणि तो बसलाच. भिंग लावून कितीतरी वेळ पाहत राहिला. मग त्याने सांगितलं, आणि ते मी शब्दाशब्दाने ऐकलं, कारण असं काही त्याआधी मला कोणी सांगितलं नव्हतं. हा रोमचा बादशहा. समुद्रापलीकडे, त्याच्याही पलीकडे. त्याचे व्यापारी आपल्याकडून मिरी न्यायचे, मलमल न्यायचे आणि चांदी देऊन जायचे. आणि त्या चांदीवर तो आपला चेहरा ठोकायचा. जो राजा माणसाला जन्मात दिसणार नाही, त्याचा चेहरा तरी त्याच्या मुठीत असावा. भाकरी घ्यायची तर आधी त्याच्या तोंडाकडे पाहावं लागावं. भोवती जी अक्षरं आहेत, त्यात लिहिलं आहे की हा देवाचा मुलगा.

सुकवारो तोंडातला तंबाखूचा खर्रा बाजूला सारून म्हणाली, "देवाचा पोरगा होय तं सिक्क्यावर कायले लिहाव लागते? आमच्या देवानं लिवलं काय कुठं?"

भिंगवाला हसला. फार गोड हसला. मग विचारलं, "कुठे सापडलं हे?"

"सासूचं होय."

"तिला कुठे सापडलं?"

"तिच्या सासूले विचार. मेली ते."

पुन्हा सगळे हसले. तो विषय तिथे संपला असं मला वाटलं. पण थोड्या वेळाने तो बाबांजवळ चहाचा ग्लास घेऊन बसला. बाबांना आपल्या कामाचं कौतुक करून घ्यायला आवडायचं. कोणाला नाही आवडत? ते म्हणाले, "काप पाहिला की गाव सांगतो मी. हा तिरपा काप फक्त एकाच गावचा." आणि नाव सांगितलं. मी जवळच बसले होते. नगारा वाजत होता, पण नाव स्पष्ट ऐकू आलं.

जाताना भिंगवाला बुधरामपुढे वाकला. कमरेत उसण आहे म्हणाला. बुधरामने लाथ मारली. तो सरळ झाला आणि त्याने बुधरामला विचारलं, "तू पायांनी आलास होय?" बुधराम लाजला आणि हो म्हणाला.

गोंदियाच्या चौकातून जाताना मला कधी कधी तो दिवस आठवतो. खांबाखांबावर वाढदिवसाचे फलक असतात, हात जोडलेले, दात काढलेले. बियाण्याच्या पिशवीवरही हल्ली कोणाचा ना कोणाचा फोटो असतो. गिऱ्हाईक पिशवी घेतं, बी पेरतं आणि पिशवी बांधावर टाकतं. वाऱ्याने ती शेतभर फिरते आणि तो चेहरा आभाळाकडे पाहत राहतो. कोणी त्यावर काप मारत नाही. मारायला हवा असं मी म्हणत नाही. पण सुकवारोने मारला असता.

माघात कचारगडची यात्रा असते. डोंगरातल्या त्या गुहेकडे दूरदूरचे लोक येतात, पिवळे झेंडे, ढोल, रात्रंदिवस पायांची धूळ. त्या वर्षी यात्रेत कोणीतरी बुधरामला जीपमध्ये बसलेला पाहिला. नवा शर्ट घातला होता म्हणे, आणि हात हलवला. पुढचं मला माहीत नाही. कोणालाच नाही. त्यांच्या गावाबाहेर देवाची जागा होती, साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली. तिथे खड्डा खणलेला सापडला. बाबा पाहून आले. घरी येऊन ते जेवले नाहीत. आईने फार विचारल्यावर एवढंच म्हणाले, की खड्ड्यात लिंबं होती.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा सुकवारो बाजारात आली. त्या दिवसांत सगळ्या बाजाराला मोहाचा वास असतो, गोड आणि जड, डोकं धरणारा. पहिल्यांदाच तिचा आवाज आधी आला नाही. ती येऊन उभी राहिली आणि मगच कळलं. तिने माळ काढली, मधलं नाणं बाबांच्या ऐरणीवर ठेवलं आणि म्हणाली,

"आंधरा कर याले."

"बाई..."

"यानंच नेला माह्या पोराले. जुना काप बुजला होता. दिसत होतं याले. मार खोल."

बाबांच्या हाताला कंप नव्हता कधी. केसाएवढी तार ते एका दमात ओढायचे. त्या दिवशी छिन्नी उचलायचे आणि ठेवायचे, उचलायचे आणि ठेवायचे. शेवटी मारली. जुन्या कापावरच, त्याच रेघेत. नाणं फुटायला आलं. सुकवारोने बोटाने कापाची खोली पाहिली.

"आता मी नाही घालत. तुह्यापाशी ठेव, सोनारभाऊ. पोरगा आला तं त्याच्या बायकोसाठी नेईन."

फुलवंती तिच्या मागे उभी होती. मी तिला चिवड्याचा पुडा पुढे केला. तिने घेतला नाही.

त्यानंतर बाबा तो बाजार करायला गेले नाहीत. दुसऱ्या बाजारांत बसू लागले. कोणी एखाद्या गिऱ्हाइकाचं गाव विचारलं तर "तिकडलं" एवढंच म्हणायचे. माळ पेटीच्या तळाशी गेली. चांदीला भाव आला, पडला, पुन्हा आला, आमच्या घरात दोन लग्नं झाली, पण ती माळ मुशीत गेली नाही. सुकवारो वारली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

हे सगळं मी एका बैठकीत आठवत बसले नव्हते. मध्ये मी माळेचे रुपये जुन्या टूथब्रशने घासले, धुतले, पंच्यावर वाळत घातले. दुपारी दुकानाच्या पुढच्या बाजूने हाक आली.

"दीदी, हैं क्या अंदर?"

दोघे होते. एक बोलका, मोहरीच्या रंगाचा शर्ट, हातात मोठा फोन. दुसरा जाड मानेचा, गप्प. मला वाटलं हरभऱ्याचं बी हवं असेल. बोलक्याने फोन माझ्यापुढे धरला. फोनमध्ये माझ्याच पडवीतली फरशी होती आणि तिच्यावर ती माळ. दिवाळीत सुधीर आला होता तेव्हा त्याने काढलेला फोटो. नाणी जमवणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर त्याने तो टाकला होता, खाली लिहून, की वडिलांकडची जुनी माळ, दुर्दैवाने नाण्यावर ओरखडा आहे.

"आपके भैया ने लिखा है स्क्रैच है," तो म्हणाला. "स्क्रैच नहीं है ना दीदी. कट है."

"मला त्यातलं कळत नाही," मी म्हटलं.

"हमको कळतं." तो हसला. मग त्याने दुसरा फोटो दाखवला. इंग्रजी रुपये, ढीगभर, आणि प्रत्येक राजाच्या गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तिरपा काप. "ये गलाने वाले माल में मिले. बेचने वाली बाई गाँव नहीं बताती. लेकिन हमारे एक पुराने साहब बोलते थे, ये कट एक ही गाँव का है. नाम बताए बिना गुजर गए. आपके पापा उधर ही बैठते थे ना? बस नाम बता दो. रोमन सिक्का अकेला नहीं आता दीदी. हंडा होता है."

मी म्हटलं, वडील गेले, मी लहान होते, मला नावं आठवत नाहीत. गिऱ्हाइकाशी जसं बोलते तसंच बोलले.

"और एक काम था," तो म्हणाला आणि गप्प माणसाकडे बोट केलं. "इसकी कमर पकड़ी है. सुना है उधर कोई बच्ची है. वो क्या बोलते हैं मराठीत... पायाळू. लात मारती है तो ठीक होता है. किसके घर की है, पता है?"

दाराच्या वाटेत युरियाचं एक पोतं आडवं पडलं होतं. जाताना गप्प माणसाने ते एका हाताने उचलून थप्पीवर ठेवलं, वाकून, सहज, जशी मी चहाची कपबशी उचलते तशी.

"सोच के रखना दीदी," बोलका म्हणाला. "कल शाम को आते हैं."

ती मुलगी फुलवंतीची नात आहे. चमेली. फुलवंती दर खरिपाला माझ्याकडून धानाचं बियाणं नेते. या वर्षी नातीला घेऊन आली होती. नात काउंटरवर चढून बसली आणि पाय हलवत राहिली. "माह्या भावासारखीच हाय हे," फुलवंती हसत म्हणाली, "पायानं आली." म्हणाली मात्र, आणि जीभ चावली, आणि मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तरी आम्ही दोघी काही वेळ तिकडेच पाहत राहिलो होतो.

पहिला विचार आला तो उठून गावी जाण्याचा. माळ द्यावी, सावध करावं. पण मी गेले तर माझ्या मागे गाडी येणार, हे कळायला फार अक्कल लागत नाही. वाट दाखवल्यासारखंच. पोलिसांत ओळखीचे आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ताई, त्यांनी गुन्हा काय केला? दुकानात येऊन गोड बोलले, याचा कागद होत नाही. काही घडलं तर लगेच सांगा म्हणाले. काही घडलं तर.

सुधीरला फोन करून ग्रुपवरचा फोटो काढून टाकायला लावला. त्याने काढला. "एवढं काय ताई, कोणी विचारलं तर किंमत तरी कळेल," असं म्हणत काढला. पण फोटो त्या माणसाच्या फोनमध्ये आहेच.

उन्हं उतरायच्या वेळी फुलवंतीला फोन लागला. धान कापायला बांधावर असली की तिला रेंज मिळते.

"कोन? सोनारीन होय काय?" लहानपणापासून ती मला हेच म्हणते.

"हो गं. तुमच्याकडे कोणी माणसं आली होती का? गाडीतून?"

विळ्याचा आवाज थांबला. "आमच्या इकडं नाही आले. पल्याडच्या गावात आल्ते परवा. कमर मोडली म्हने एकाची. पोरीले विचारत होते. तिथल्या बायकायनं सांगितलं, आमच्या इकडं पोट्ट्या डोक्यानंच येतेत, तुमच्या इकडं येत असन पायानं." हसली थोडी. मग म्हणाली, "काऊन वं? तुह्याकडे आल्ते काय?"

मी सगळं सांगितलं.

"गाव सांगजो नको वं सोनारीन."

"नाही सांगत."

"पोरीले मी वावरातच घेऊन आलो आहो. डोऱ्याआड नाही होऊ देत. पन किती दिवस ठेवू वं? शाळा हाय तिची."

"माळ आहे माझ्याकडे. तुझ्या आईची."

"नको मले. पाठवजो नको. ते आली का मागून मानसं येतेत." आणि मग, माझ्या मनातलं ओळखल्यासारखी, "तुह्या बाबाले मी बोल नाही लावत. तो भोरा होता. गोड बोलनाऱ्याले गाव सांगून टाके."

फोन ठेवल्यावर मी पडवीत बसले. माळ वाळली होती. राजे घासूनपुसून चकचकीत झाले होते आणि त्यामुळे काप जास्तच काळे दिसत होते. मधलं नाणं मी सुलटं केलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. हा माणूस देवाचा मुलगा नव्हता. त्याला ते माहीत होतं, टाकसाळीतल्या कारागिराला माहीत होतं. पण चांदीवर ठोकलं, लाख वेळा ठोकलं, समुद्रापार पाठवलं, आणि तो ज्यांच्या लेखी कोणीच नव्हता, त्यांच्याही गळ्यापर्यंत ते पोचलं. खोटं एका ठिकाणी नीट ठोकून बसवलं की ते स्वतःच चालत जातं. मागून कोणी खरं सांगत धावलं तरी ते गाठता येत नाही. म्हणजे मला धावायची गरज नव्हती. मला फक्त दुसरं खोटं ठोकायचं होतं, पहिल्यापेक्षा सोपं.

काप गावाचा नव्हे, सोनाराचा. माझे बाबा सगळ्या गावांच्या रुपयांवर तोच काप मारायचे, त्यांच्या हाताची ती खूण. हे मी त्यांना सांगणार होते. आणि ते बारकं नाणं कुठल्या बाईचं नव्हतंच. आमच्या दवनीवाड्याच्या अंगणात सापडलेलं, माळेत शोभेला बाबांनी ओवलं. पुढे मी ते सरकारात जमा करीन आणि पंचनाम्यात जागा आमच्या अंगणाचीच लिहून घेईन. नुसत्या बोलण्यावर ते दोघे विश्वास ठेवणार नाहीत. गिऱ्हाईक दुकानदाराचं ऐकत नाही, शेजाऱ्याचं ऐकतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी पहिल्या बसने मी दवनीवाड्याला गेले. घर बंदच असतं. मागून कुदळ आणि फावडं काढलं, पदर खोचला आणि विहिरीच्या अलीकडे खणायला लागले. माती ओली होती, वरचा थर पटकन सुटला, खाली मुरूम लागला. गुडघाभर झालं तेव्हा शेजारचे दौलतकाका भिंतीवरून डोकावले.

"काय वं, कायले खणून राहिली?"

"काही नाही काका. असंच."

"असंच कोनी खणते काय? झाड लावतं?"

"झाड नाही." मी कुदळ टेकवली आणि आवाज खाली आणला. "बाबांना इथे काहीतरी सापडलं होतं. चांदीचं. जुन्या राजाचं. कोणाला सांगू नका."

काका भिंतीला अजून चिकटले. "मंग तुले कसं समजलं का नेमकं इथंच?"

"मी पायाळू आहे. आईने लपवून ठेवलं होतं."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. यापुढे सगळे असंच पाहतील, हे तेव्हा कळलं.

"मी कायले कोनाले सांगतो," काका म्हणाले आणि घरात गेले. थोड्याच वेळात त्यांच्या मोपेडचा आवाज आला, आणि ती चौकाच्या दिशेने गेली.

मी खड्डा आणखी थोडा खोल केला. रस्त्यावरून दिसेल अशी माती कडेला उंच टाकली. हातपाय धुतले, कुदळ तिथेच खड्ड्यात उभी ठेवली, आणि फाटकाला कुलूप न लावता बसस्टँडवर आले. संध्याकाळी ते दोघे यायच्या आत गोंदियाला दुकानात पोचायचं होतं.